सत्कारानंतरची सिगारेट

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या मराठी मंडळाने उल्हास मोघ्यांना सिगारेट सोडल्याबद्दल शाल आणि श्रीफळ दिलं होतं. हसू नका, खरंच दिलं होतं. पाडव्याच्या कार्यक्रमात आरोग्यावर भाषण ठरलं होतं, बोलणारे डॉक्टर आयत्या वेळी आले नाहीत, आणि कमिटीतल्या कुणाला तरी आठवलं की मोघेकाकांनी नुकतीच सिगारेट सोडली आहे. झालं! काकांना स्टेजवर ओढलं, खांद्यावर शाल टाकली, हातात माइक दिला. उभा जन्म औषधांच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून काढलेला हा माणूस मनाच्या निग्रहावर अर्धा तास बोलला. टाळ्या पडल्या. पुढे दोन-तीन बायकांनी आपापले नवरे त्यांच्याकडे सल्ल्यालाही पाठवले.

आणि महिन्याभरातच काकांची सिगारेट पुन्हा सुरू झाली. कंपनीत माणसं कमी करायला लागले होते, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि एका दुपारी पार्किंग लॉटमध्ये कुणीतरी पाकीट पुढे केलं. एवढंच निमित्त. पण आता सांगणार कुणाला? साध्या माणसाची सिगारेट परत सुरू झाली तर लोक ‘चालायचंच’ म्हणतात. सत्कारमूर्तीची सुरू झाली तर मंडळाला वर्षभर करमणूक होते. काका चोरून ओढायला लागले. गराजमध्ये, दार हातभर वर करून, अंगात एक जुनं जॅकेट घालून. मग तोंडात लवंग, मग बडीशेप, मग साबणाने हात. ही कसरत इतकी वर्षं बिनबोभाट चालली की त्यांना तिचा थोडा अभिमानच वाटायला लागला होता.

सुहासिनीकाकूंना यातलं काही माहीत नाही, अशी काकांची पक्की समजूत होती. काकू बोलक्या. सकाळचा चहा झाला की “ऐका हं” म्हणून फोनवरचं मोठ्याने वाचून दाखवणार, मधेच अर्विंगला राहणाऱ्या बहिणीचा, नंदाचा, विषय काढणार, तिथून पुण्यातल्या जुन्या शेजाऱ्यांवर जाणार. काका गराजमधून एक फेरी मारून आले की निवांत बसून सगळं ऐकायचे, हसायचे, “मग पुढे काय झालं?” असंही विचारायचे. रिटायर झाल्यावर तर हा त्यांचा रोजचा सोहळाच झाला. आपण मुळातच शांत स्वभावाचे आहोत, असं काका समजत. त्या शांतपणात गराजचा वाटा किती, हे त्यांना कधी मोजावं लागलं नव्हतं.

मग सलोनीचा फोन आला. सलोनी त्यांची एकुलती एक लेक, रेडमंडला नोकरीला. तिला दिवस गेले होते, आणि बाळ झालं की दोन-तीन महिने आईबाबांकडे येऊन राहायचा तिचा विचार होता.

“बाबा, आय ॲम सो ग्लॅड की तुम्ही स्मोकिंग सोडलंत,” ती म्हणाली. “आमची डॉक्टर म्हणते, कपड्यांना वास असला तरी बेबीला बॅड असतं. मी तिला प्राउडली सांगितलं, माय डॅड क्विट इयर्स अगो.”

फोन ठेवल्यावर काकांनी उरलेलं पाकीट नळाखाली भिजवलं आणि कचऱ्यात टाकलं. या वेळी खरंच सोडायची. पण जी गोष्ट आपण केव्हाच सोडली आहे ती आत्ता सोडतोय, हे जगाला कसं सांगायचं? म्हणून त्यांनी ठरवलं, कुणालाही सांगायचं नाही. सुहासिनीला तर नाहीच नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा त्यांनी असा शांतपणे, पूर्ण विचार करून केला.

निकोटीनचं च्युइंगम त्यांनी पार लांबच्या गावातून आणलं, कारण एडिसनच्या कुठल्याही दुकानात काउंटरपाशी ओळखीचं माणूस भेटतंच. ते बडीशेपेच्या डबीत लपवलं. तलफ आली की घोट घोट पाणी, दीर्घ श्वास, घराभोवती चकरा, सगळं केलं. चहा झाला, जेवण झालं, गाडीत बसलं की हात आपोआप खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तरी तलफेशी दोन हात करता येत होते. ती यायची, छातीवर बसायची आणि थोड्या वेळाने उठून जायची. चिडचिडीचं तसं नव्हतं. ती मुक्कामालाच आली होती, आणि घरात दुसरं माणूस एकच होतं.

“पोह्यांत मीठ कमी आहे.”

“नाही हो, मी चाखलेत ना.”

“मग माझी जीभ खोटी का?” काकांनी बशी सरकवली ती टेबलाच्या कडेपर्यंत गेली.

काकूंनी “ऐका हं” म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका सकाळी ते म्हणाले, “हे वाचून दाखवणं बंद कर बघू. मला डोळे आहेत.” काकूंनी चष्मा काढून ठेवला. काकांना लगेच वाईट वाटलं, दर वेळी वाटायचंच. पण ते मनाशी म्हणायचे, अजून थोडे दिवस. मग मी पहिल्यासारखा होईन, मग सगळं भरून काढीन. जणू काकूंना तोवर फ्रीजरमध्ये ठेवता येणार होतं.

मंडळाची कोजागिरी त्या वर्षी नेहमीप्रमाणे सोयीच्या शनिवारी होती, शैलेंद्र आणि मंजुषाच्या घरी. आभाळ भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही, आणि मसाला दूध संध्याकाळीच पिऊन झालं होतं. काका च्युइंगमची डबी घरी विसरले होते. शैलेंद्र घरामागच्या डेकवर जाऊन सिगारेट ओढून आला आणि त्यांच्या शेजारीच बसला. त्याच्या स्वेटरचा वास नाकात गेला तसं काकांचं डोकं ठणकायला लागलं. समोर काकू रंगात येऊन नंदाच्या घरात खार शिरली तेव्हाची फजिती सांगत होत्या. बायका हसत होत्या. खार नुकती देव्हाऱ्यापर्यंत पोचली होती.

“सुहास, तुला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही का गं? लोकांना कंटाळा येतो!”

मंजुषा “दूध घ्या ना अजून कुणीतरी” म्हणत उगीच उठली. काकूंनी हसायचा प्रयत्न केला आणि पेला खाली ठेवला. परतताना गाडीत काकांनी जीभ चावली, पण ‘चुकलं’ हा शब्द काही बाहेर आला नाही. तो आला असता तर मागोमाग ‘का?’ आलं असतं, आणि त्याचं उत्तर शालीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

त्यानंतर घर शांत झालं. लाज वाटेल अशी गोष्ट आहे, पण खरी आहे: पहिले काही दिवस काकांना ती शांतता आवडली. तलफ आली तरी मधे कुणी बोलत नव्हतं. काकू हळू चालत, भांडी हळू ठेवत. निग्रहाला घरची साथ मिळाली म्हणून काका खूश होते.

एका दुपारी त्यांचा धीर सुटला. जुन्या जॅकेटच्या खिशात चुकून एखादी सिगारेट राहिली असेल, या आशेने ते गराजमध्ये गेले. गाडीत कुणीतरी बसलं होतं. काकू. काच थोडी खाली, फोन कानाला.

“नाही गं नंदा, घरात नाही बोलत मी. त्यांना माझ्या आवाजाचा त्रास होतो. इथे गाडीत येऊन बसते, बरं पडतं.” मग थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “रागावले नाहीयेत गं. मीच नकोशी झालेय. आधी दिवसभर ऑफिसात असायचे म्हणून चालून गेलं असेल. बिचाऱ्यांनी इतकी वर्षं मला सहन केलं असेल.”

काका गाडीपाशी गेले. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं, ते शेजारच्या सीटवर बसले आणि काकूंनी फोन बंद करताच त्यांनी सगळं सांगून टाकलं. पार्किंग लॉट, गराज, लवंगा, भिजवलेलं पाकीट, डबीतलं च्युइंगम, सगळं.

काकूंनी फोन मांडीवर उलटा ठेवला. “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“ओढता ते. आपल्याकडे मसालेभात होतो वर्षातून दोनदा, आणि लवंगा संपतात दर महिन्याला. मी काय खुळी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“बाहेर तुमचा एवढा सत्कार झालेला. घरात तरी मान खाली घालायला लावू नये म्हटलं.” त्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या. “पण सोडताय एवढं तरी सांगायचं होतंत हो. मग तुम्ही कितीही ओरडला असतात तरी मी म्हटलं असतं, ही सिगारेट बोलतेय. मला वाटलं, तुम्ही बोलताय.”

“चुकलं माझं, सुहास.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. त्या खरंच रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर काकांना काहीतरी करता आलं असतं.

सिगारेट सुटली, कायमची सुटली. वसंतात सलोनी बाळाला घेऊन आली; छोटा वीर आजोबांच्या खांद्यावर निर्धास्त झोपतो आणि सलोनी त्याचे फोटो मैत्रिणींना पाठवते. काकांची चिडचिड कधीच गेली. आता सकाळी चहाच्या वेळी तेच म्हणतात, “काय आलंय गं फोनवर? वाच ना.” काकू म्हणतात, “काही नाही, असंच.” कधी खरंच काही सांगायचं असलं तर त्या आधी काकांच्या चेहऱ्याकडे नीट बघतात आणि विचारतात, “बोलू का?”

“बोल ना, बोल,” काका घाईघाईने म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढतात. काकू दोन वाक्यांत सांगून टाकतात आणि कप उचलून आत जातात.