डावखुरा टाका

सीटवाल्याचं दुकान जेमतेम दहा फूट लांब. दारात मोटारसायकली, आत रेक्झिनचे गठ्ठे, एक दणकट मशीन आणि त्या मशीनवर वाकलेला साठीचा डावखुरा माणूस. अख्खी गल्ली त्याला सीटवालाच म्हणायची. पण दुकानामागच्या खोलीत पाऊल टाकलंत की हाच माणूस वेगळा. तिथे भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर जुन्या लढायांतली लोखंडी हेल्मेटं. कुठलं घमेल्यासारखं पसरट, कुठलं कानांवर उतरलेलं, एकाला तर कपाळाशी चांगला बोटभर पोचा. बायको या सगळ्याला पातेली म्हणायची. "एकात तरी भाजी शिजवून दाखवा," हा तिचा ठरलेला टोमणा.

हा नाद लागला बाविसाव्या वर्षी. एका नाटक कंपनीने भंगारातून बारा हेल्मेटं उचलून आणली होती. पत्रे खरे, महायुद्धातले, पण आतली चामड्याची अस्तरं कुजून गेलेली. नवीन शिवून द्या आणि जुनी दिसतील असं बघा, असं त्यांचं म्हणणं. पठ्ठ्याने बाराच्या बारा शिवली, चहाच्या पाण्यात मुरवली आणि पोचती केली. हेल्मेटं गेली, नाद मात्र घरातच राहिला.

शहरात असे वेडे सहा जण. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या माडीवर जमायचे. बाकीचे पाच शिकलेसवरलेले, त्यांत दातांचे डॉक्टर म्हणजे सगळ्यांचे म्होरके. स्वतःच्या हेल्मेटला कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत. एकदा सीटवाल्याने काही मत मांडलं, तर भर बैठकीत हसत म्हणाले, "मास्तर, सीट शिवणं वेगळं आणि हेल्मेट ओळखणं वेगळं. त्याला अभ्यास लागतो." सगळे हसले, सीटवालाही हसला. पण ते वाक्य नऊ वर्षं त्याच्या मनात सलत होतं.

आणि यंदा त्याला घबाड सापडलं. परगावच्या एका जुन्या बाजारात महायुद्धातलं हेल्मेट, अस्तरासकट शाबूत. पत्रे पुष्कळ मिळतात हो, अस्तर टिकलेलं मिळत नाही. सगळ्या शहरात तशी दोनच होती, एक डॉक्टरांकडे आणि एक सहा जणांतल्याच प्राध्यापकांकडे. सीटवाल्याने आपली चार हेल्मेटं बदल्यात देऊन टाकली आणि ते छातीशी धरून घरी आणलं. रविवारी वाचनालयात सहा जणांचं प्रदर्शन होतं. बातमी कळताच दाराजवळचं पहिलं टेबल त्याला मिळालं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला आपल्या बरोबरीचं मानत होतं, आणि ते सगळं या एका हेल्मेटावर.

आठवडाभर बायकोला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. "काय हात होता गं शिवणाऱ्याचा. टाक्याला टाका कसा लागलाय बघ."

तिने चष्मा लावून बघितलं. "अहो, हे तुमच्यासारखंच आहे की. टाका डावीकडे कललाय."

"शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचं काम आहे ते. सीट कव्हर नव्हे."

"बरं बाई, नसेल," म्हणून ती आत गेली.

शनिवारी सकाळी अस्तराला तेलाचा हात द्यायला म्हणून त्याने काठाची दुमड हलकेच उलगडली. आत एक गाठ होती. दुहेरी, फुगीर, मेण लावून दाबलेली. शिवणकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी या गाठीवरून त्याला उभा-आडवा झोडला होता. गाठ आहे की सुपारी, म्हणायचे. जगात अशी गाठ मारणारा दुसरा माणूस नव्हता. सीटवाल्याने तेलाची बाटली बंद करून बाजूला ठेवली.

बायकोला सांगितलं. वाटलं होतं, आता ही वर्षभर चिडवणार. पण तिने एवढंच विचारलं, "कुणाला कळेल?"

"कुणालाच नाही. मी सोडून."

"मग?"

"मग काय, मला रोज कळणार."

रविवारी पहिल्या टेबलावर हेल्मेट होतं आणि पुढ्यात त्याच्या वळणदार अक्षरातलं कार्ड: 'पत्रा महायुद्धातला, अस्सल. अस्तर अडतीस वर्षांपूर्वी मीच शिवलेलं.' लोक वाचायचे, गालात हसायचे, पुढे सरकायचे. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, पण ते हसले नाहीत. चहाला न थांबता निघून गेले. सीटवाला घरी आला तो तोंड पाडूनच. संपलं सगळं, असं त्याला मनापासून वाटलं, आणि वाईटही फार वाटलं.

सोमवारी दुकानाचं शटर अर्धं वर जातंय तोच समोर डॉक्टर. हातात कापडी पिशवी.

"मास्तर, जरा हे बघता का?" आणि त्यांनी आपलं हेल्मेट सरळ त्याच्या हातात दिलं.

दुमड उलगडायची गरजही नव्हती. टाके डावीकडे कललेले. अस्सल आहे म्हटलं असतं तर डॉक्टर बिचारे खुशीत घरी गेले असते. आणि नऊ वर्षांचा हिशोब चुकता करायचा तर त्यालाही यापरता मुहूर्त नव्हता. पण सीटवाल्याला त्यांची दयाच आली. "बसा, डॉक्टर," म्हणून त्याने स्टूल पुढे केलं आणि गाठ दाखवली.

डॉक्टरांनी भिंग काढलं. कितीतरी वेळ बघत राहिले. मग भिंग खिशात टाकून म्हणाले, "बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, असा हात पुन्हा होणे नाही."

सीटवाल्याच्या कुठल्याही सीटबद्दल आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

आतून बायको चहा घेऊन आली. तिला सगळं ऐकू गेलंच होतं. "दोन सापडली म्हणायची. उरलेली दहा कुठायत?"

"एक प्राध्यापकांकडे असणार," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदा खो-खो हसले. "फार मिरवतात ते. त्यांनाही घेऊन येतो."

सीटवाल्याने हेल्मेट उजेडात धरलं. "डॉक्टर, एका बाजूला शिवण उसवायला लागलीय. दोन टाके घालू का?"

बावीस वर्षं ज्यांनी त्या हेल्मेटला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "तुमचंच आहे, घाला."