वरच्या ओळीतला एकवीस

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री लॅबच्या शिपायांचा. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पोलारिमीटर, म्हणजे द्रावणातून जाताना प्रकाश किती अंश वळतो ते मोजणारं यंत्र, सरांनी फळ्यावर शिकवलं. त्याला डोळा कसा लावायचा ते मामांनी दाखवलं. पुस्तकातला आकडा आधीच वहीत लिहिला की ते वही ओढून घेत. "आधी बघ, मग लिही. उलटंच करायचं तर इथे आलास कशाला?"

आमच्या घरातला पहिला बीएस्सी मी. मोबाइलला इनकमिंग नुकतं फुकट झालं होतं, तेव्हा भाईंदरला गोडदेवजवळच्या एका गाळ्यात नोकरीला लागलो. तिथे लहान मुलांसाठी व्हिटॅमिन सीच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या बनत. आलेली पावडर तपासून सही करायची, हे माझं काम.

व्हिटॅमिन सीचा रेणू म्हणजे पाच कोनांची कडी आणि तिला दोन कार्बनची शेपटी. शेपटीच्या पहिल्या कार्बनवरचा ओएच उलट्या बाजूला लावला की दुसराच पदार्थ होतो. तितकाच आंबट, स्वस्त, आणि व्हिटॅमिन म्हणून जवळजवळ निकामी. आयोडीन थेंबथेंब टाकून करायच्या टायट्रेशनला हा फरक कळत नाही, कारण आयोडीनचं काम कडीशी. शेपटी कळते ती पोलारिमीटरला: खरं व्हिटॅमिन प्रकाश उजवीकडे एकवीस अंश वळवतं, दुसरं डावीकडे.

पण यंत्राचा दिवा पिवळाधमक व्हायला दहा मिनिटं लागत. म्हणून सगळे रजिस्टरमधला वरच्या ओळीतला एकवीस खाली उतरवायचे. मीही उतरवला. सहा ड्रम.

सातव्या ड्रमला रजिस्टर संपलं. नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर वर ओळच नव्हती. कोऱ्या पानावर पहिलाच आकडा मनाने लिहायला धजलो नाही, दिवा लावला. प्रकाश डावीकडे वळला, सतरा अंश. नळी धुऊन पुन्हा भरली. डावीकडेच. मग जुन्या सहा ड्रमांचे राखून ठेवलेले नमुने काढले. त्यातलेही दोन डावीकडे गेले.

साहेबांना सांगितलं. तेच गाळ्याचे मालक.

"टायट्रेशन पास आहे ना?"

"आहे, पण हे व्हिटॅमिन सी नाहीये, साहेब."

"आंबट लागतंय ना? पोरं काय दुर्बीण लावून खातात?" ते हसले. "तुमच्या गावच्या कॉलेजात दिवा तरी होता का रे? एकवीस लिही नि सही कर."

माझं डोकं फिरलं. कॉलेजवरून बोलले म्हणून तर फिरलंच. पण त्याहून जास्त, ते इतक्या सहज एकवीस म्हणाले आणि तो आकडा मी सहा वेळा माझ्या हाताने लिहिला होता म्हणून. मी पेनाने लिहिलं, 'डावीकडे सतरा. नापास.' जुनं रजिस्टर काढून सहाही ओळींपुढे लिहिलं, 'दिवा न लावता.' साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, "आजच जातोय."

बाहेर पडलो. वाटेत केबिन रोडवर एका मेडिकलच्या काउंटरवर त्याच गोळ्यांची बरणी होती. एक बाई मुलासाठी घेत होती. मी जोरात म्हणालो, "नका घेऊ!" दुकानदार म्हणाला, "ओ भाई, पागल है क्या?" बाईने मुलाला जवळ ओढलं आणि गोळ्या घेऊन गेली. समोरच्या दुकानातून अंतर्देशीय पत्र घेतलं. रागातच लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"मामा, पाया पडतो. तुम्ही वही ओढायचात तेव्हा मला राग यायचा. इथे वही ओढणारं कुणी नव्हतं. न बघता मी सहा ड्रमांवर सही केली. दोन खोटे होते, त्यांच्या गोळ्या मुलांनी खाल्ल्या. सातव्यावर केली नाही, नोकरी गेली. औषध खात्याला अर्ज करतोय, त्यात माझ्या सह्याही लिहिणार आहे. गावी आलो की लॅबमध्ये यायचंय. आलो तर चालेल का, कळवा."