शालनबाईंची वाटी

आमच्या घरात दिवसाच रात्र असायची. धम्मरत्न, माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. चार महिने सलग थर्ड शिफ्ट. सकाळी येऊन तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला की मी निळा पडदा ओढायची, मोबाइल मुका करायची, शिट्टी नको म्हणून डाळसुद्धा पातेल्यात शिजवायची आणि आमच्या तान्ह्या मैत्रीला झोळीत घालून दोरी ओढत बसायची. एकच खोली, तिघं माणसं. निळ्या उजेडात झोळी हलायची, पंखा फिरायचा आणि दुपार कधी सरली ते कळायचंच नाही. खरं सांगते, मला ते सुखाचं वाटायचं.

मग मैत्रीला सातवा महिना संपत आला आणि पोरगी कुशीवर वळेना. शेजारच्या पूनमची मुलगी पाचव्यातच पालथी पडलेली. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, जमिनीवर खेळवा, महिन्यानं पुन्हा दाखवा. माझ्या डोक्यात तेवढं ‘पुन्हा दाखवा’ राहिलं. भीतीनं अन्न गोड लागेना.

आमच्या घरमालकीण शालनबाई मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या शेतावर आता बारा मजली सोसायटी आहे. मुलं चारचाकीतून फिरतात आणि बाई मात्र अजून हाताला तेल लावून गावभरची बाळं खेळवत हिंडतात. मुलांना लाज वाटते. त्यांना बाईंचं ठरलेलं उत्तर असतं, “तुमास्नी चालाय मीच शिकीवलं, आन आता मलाच कुटं जायचं ते सांगताय व्हय?”

त्या दिवशी मेथीची जुडी द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

“कोन आजारी हाय का?”

“नाही, मैत्रीचे पप्पा झोपलेत,” मी कुजबुजले.

“आन पोर?”

“झोळीत.”

“दिसभर?”

मी मान हलवली.

“अगं, झोळीत पोर वळंल कशी? तिला भुई लागती. आन वळून बघावं असं कायतरी लागतं.”

मला राग आला. फुकटचा सल्ला द्यायला अख्खं गाव तयार असतं. पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हेतच. त्यांनी धम्मरत्नच्या शेजारी गोधडी अंथरली, मैत्रीला पालथं घातलं, छातीखाली ओढणीची वळकटी सरकवली. पोरीनं मान उचलली, थरथरली, टेकली. मग तिला उताणी करून बाईंनी तिचे पाय सायकलसारखे फिरवले, एक गुडघा अलगद पलीकडे नेला, कुशीवर आणलं, सोडलं. परत उताणी. पुन्हा तेच. मैत्री खिदळायला लागली आणि मी धम्मरत्नकडे बघितलं. आता हा उठणार!

बाईंनी स्टीलची वाटी घेतली, धम्मरत्नच्या पाठीजवळ धरली आणि चमच्यानं वाजवली. टण्ण!

“पोरीला बाप नुस्ता पाठीनं ठावा हाय,” त्या म्हणाल्या.

टण्ण. मैत्रीनं मान वळवली. मग खांदा. मग एक पाय उचलून पलीकडे टाकला आणि अख्खं अंग ओढत पालथी पडली. एक हात खाली अडकलेला, दुसऱ्या मुठीत बापाच्या बनियनची कड.

मी तोंडावर हात धरून रडायला लागले. तेवढ्यात धम्मरत्न वळला. डोळे टक्क उघडे.

“तू जागा होतास?”

“रोजच असतो,” तो ओशाळून म्हणाला. “दहा वर्षं प्रेसच्या धडधडीत गेली. इतक्या शांततेत मला झोपच येत नाही. पण तू एवढं जपतेस, म्हणून डोळे मिटून पडायचो. झोप काढायचो ती कंपनीच्या खडखडत्या बसमध्ये.”

चार महिने! चार महिने मी पोरीला टांगून ठेवलं आणि हा पठ्ठ्या जागा! हसावं की भांडावं, मला कळेना. त्यानं मैत्रीचा अडकलेला हात हळूच सोडवला. दोघं नाकाला नाक लावून एकमेकांकडे बघत राहिली, जणू आजच ओळख झाली होती.

शालनबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. “वाजव,” म्हणाल्या आणि मेथी ठेवून निघाल्या.

मी वाजवत राहिले. निळ्या उजेडात मैत्री पुन्हा वळायची धडपड करत होती, आणि तिच्या शेजारी, चार महिन्यांत पहिल्यांदाच, धम्मरत्न चक्क घोरत होता.