चांदनीचा श्वास, मिनिटाला चौदा

आज सकाळी मी घड्याळ धरून एका घोडीच्या पोटाकडे बघत होते आणि चक्क हसत होते. मला ओळखणाऱ्यांना हसण्याचा भाग खोटा वाटेल.

चांदनी ही नारायणगुड्यातल्या युसुफभाईंची वरातीची घोडी. दोन महिने खोकत होती, उभ्या उभ्या धापा टाकायची. "डाक्टरम्मा, दुल्हा बैठा तो गिर जाती ये. बेच देना पडता क्या?" हे विचारताना ते तिच्या मानेवरून हात फिरवत होते.

तीन आठवड्यांपूर्वी मी तबेल्यात गेले, तेव्हा युसुफभाई वाळलेलं गवत तिच्या तोंडासमोरच झटकत होते. तिला स्वच्छ खायला मिळावं म्हणून! सगळी धूळ आणि बुरशी थेट तिच्या नाकात जात होती. मी औषध दिलं आणि सांगितलं, गवत बाहेर नेऊन पाण्यात भिजवा, ओलंच खायला घाला.

"गीली घास? शादी की घोडी है मॅडम, भैंस नक्को बनाओ!"

कुरकुरत का होईना, रोज भिजवलं त्यांनी.

आज मिनिटाला चौदा श्वास भरले. आधी तीस होते. खात्रीसाठी पुन्हा मोजले. चौदाच.

"अब आप भी सांस लो, डाक्टरम्मा," युसुफभाई म्हणाले. मोजताना मी माझाच श्वास रोखून धरला होता.

रविवारी चांदनी हिमायतनगरच्या एका वरातीत हळूहळू चालणार आहे. धुळीसारखाच धूरही तिला सोसत नाही. तुमच्या घरच्या वरातीत फटाके घोडीपासून जरा लांब लावाल का?