आत्याचा बाजार

आमच्या आत्याइतकी लेकरं बिघडवणारी बाई अख्ख्या अहमदपुरात दुसरी झाली नसेल, आणि तरी आया आपली लेकरं तिच्याच हवाली करायच्या. वडिलांची ही थोरली बहीण हैदराबादला थोडे दिवस राहून आली ती तिथल्या कुठल्याशा बालशाळेचं वेड डोक्यात घेऊनच. आल्या आल्या तिनं आमचं सरकीचं कोठार झाडून घेतलं आणि गल्लीतली अजून पाटी-पेन्सिल न धरणारी सगळी पिल्लं तिथं गोळा केली. मीही त्यातच. निजामाचं राज्य होतं, परवानगीवाचून शाळा काढायची सोय नव्हती. वडील तेवढ्यावरूनच धास्तावलेले असत. आत्याचं म्हणणं एकच, "मी कुठं शाळा काढलीया? लेकरं खेळायलीत."

सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा आठवडा शनिवारी चिखलानं सुरू व्हायचा. चिखलाची अक्षरं करायची, वाळवायची. एकदा गणपानं स्वतः केलेला 'ग' खाऊन टाकला. त्याची आई तणतणत आली, तर आत्यानं तिला शांतपणे सांगितलं, "पोटात गेला म्हणजे पाठ झाला." रविवार वासाचा. डोळ्यांना फडकं बांधून हिंग, रॉकेल, मेथी ओळखायची. त्यात तिनं शेजारच्या आजोबांची तपकीर आणली आणि सारा वर्ग दुपारपर्यंत शिंकत राहिला. सगळ्यात जास्त आत्याच. सोमवारी आवाज ऐकायचे आणि तसेच काढून दाखवायचे. आम्ही रहाट काढला, म्हैस काढली आणि मग वडिलांच्या सकाळच्या गुळण्या इतक्या हुबेहूब काढल्या, की दुसऱ्या दिवशी ते परसात पार टोकाला जाऊन तोंड धुऊन आले. मंगळवारी पाणी. त्या दिवशी कोरडं कोणीच घरी जायचं नाही, एवढंच आठवतं.

गुरुवारी सगळ्या पसाऱ्याची आवराआवर; त्याआधी बुधवारी बाजार भरायचा. एरंडाची पानं म्हणजे पालक, चिंचोके म्हणजे डाळ, आणि किंमत खड्यांत. आत्या डोक्यावर पोतं घेऊन खडूस गिऱ्हाईक व्हायची. अशाच एका बुधवारी शाळा तपासणारे साहेब दारात उभे राहिले. शेरवानी, लाल टोपी, मागं चपराशी. कोणीतरी चहाडी केली असणार. वडील कोठाराच्या खांबाला धरून उभे.

साहेबांनी विचारलं, "ये मदरसा किसकी इजाजत से चल रहा है?"

आत्यानं डोक्यावरचं पोतंसुद्धा उतरवलं नाही. "मदरसा? शाळा कुठं हाय, साहेब? बाजार भरलाय. घ्यायचं असलं तर घ्या, न्हाईतर बाजूला व्हा. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

साहेब काही बोलणार, तोवर बायडीनं त्यांची शेरवानी धरली. बायडी आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात चेंगट. तिनं त्यांच्यापुढं एरंडाची जुडी धरून मूठभर खडे मागितले. साहेब सवयीनं म्हणाले, महाग आहे. मग बायडी जी बसली अडून! साहेबांनी जुडी उलटीपालटी केली, पानं किडकी निघाली म्हणाले, चिंचोके वरून मागितले. बायडीनं न्हाई म्हणून मान हलवली. शेवटी एवढा मोठा माणूस शेरवानी सावरत उकिडवा बसला आणि आमच्या अंगणातले खडे वेचू लागला. वडिलांना हसावं की पाया पडावं कळेना.

जाताना चपराशाच्या दोन्ही बगलांत एरंडाची पानं होती. साहेब वडिलांजवळ थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "यहाँ तो बाजार है. बाजार हमारे महकमे में नहीं आता." बाजार त्यांच्या खात्यात बसत नव्हता.

पुढं रझाकारांचा धुमाकूळ वाढला. आम्ही बऱ्याच जणांनी सोलापूरकडं नातेवाइकांचा आसरा घेतला. सगळं निवळल्यावर परतलो तेव्हा आम्ही मोठ्या शाळेत घालण्याजोगे झालो होतो. गावात आता सरकारी मराठी शाळाही निघाली होती, घंटेची, गणवेशाची. मला वडिलांनी तिथं घातलं. पहिल्या दिवशी शाळेतून येताना रिकाम्या कोठाराच्या दाराशी आत्या बसलेली दिसली. मी जवळ गेले. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, माझी नवी वेणी ओढली आणि म्हणाली, "एवढी घाई कशापायी केलीस गं वाढायची?"