पाट्या ओळखणारी जीप

"आरं, मग बेंगलोरला कवा निघायचं?"

मामांनी गिअर बदलत हळूच विचारलं. मामा म्हणजे माझ्या प्रोजेक्ट-पार्टनरचे मामा. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर त्यांची वडापची जीप होती, माणसं भरून नेणारी. पार्टनर मामांच्या आणि माझ्या मध्ये बसला होता. "परीक्षा झाली की लगीच," तो म्हणाला. मी खिडकीशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. ऐकू आलं नाही असं दाखवायला मी स्क्रीनवर आणखी वाकले. बेंगलोरला नोकरी लागल्याचं त्यानं मला सांगितलं नव्हतं.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. कॅमेऱ्यानं रस्त्यावरच्या पाट्या ओळखायच्या आणि अनोळखी रस्त्यावर आलेल्या ड्रायव्हरला त्यांचा अर्थ बोलून सांगायचा, हा आमचा प्रोजेक्ट. आता हे काम खिशातला फोन करतो. तेव्हा आमच्याकडे काचेला चिकटवलेला एक वेबकॅम होता आणि त्याच्या भावाचा जुना लॅपटॉप. रविवारी मामांच्या जीपमधून पाट्या टिपत गारगोटीला जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं.

प्रोग्रॅममधला आवाज माझा होता. मी इंग्लिश मीडियमची. मराठी बोलण्याआधी मनात वाक्य जुळवायची, आणि जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. पण लॅबमध्ये कोणी नसताना माइकसमोर वाचणं जमलं. 'पुढे तीव्र वळण आहे. कृपया वेग कमी करावा.' जीपमध्ये ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा मागच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "अगं बया, ही तर बातम्या द्यायला लागली की!" सगळी जीप हसली. तोही हसला, पण माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत. ते मला आवडलं होतं.

मग उसाचा हंगाम सुरू झाला आणि आमचं गणित बिघडलं. ट्रॉलीच्या मागे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर असतो, आणि आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी लाल त्रिकोण म्हणजे धोक्याची पाटी. कारखान्याच्या अलीकडे ट्रॉल्यांची ही मोठी रांग, आणि माझा आवाज आपला शांतपणे सांगतोय, 'पुढे चौक आहे. पुढे चौक आहे.'

"चौक न्हाय ओ बाई, ऊस हाय," मामा म्हणाले.

"किती चौक ह्या गावाला, पावणं!" मागून कोणीतरी.

"आता काय, मुंबईबी मागं पडली म्हणायची."

मला रडूच येणार होतं. त्यानं आवाज बंद केला, माझे पाय ओलांडून खाली उतरला आणि थांबलेल्या ट्रॉलीतून एक ऊस ओढून आणला. गुडघ्यावर मोडला. बुडख्याकडचं कांडं मला दिलं. ते जास्त गोड असतं. मला दातांनी ऊस सोलता येत नाही हे त्याला दोन मिनिटांत कळलं. त्यानं ते परत घेतलं आणि सोलून दिलं.

त्रिकोणाच्या आत काळं चित्र आहे का हे आधी बघायचं, अशी दुरुस्ती आम्ही त्याच आठवड्यात केली. पाट्याही भरपूर जमल्या होत्या. तरी आम्ही जातच राहिलो. प्रत्येक शनिवारी मला धास्ती वाटायची, की आता तो म्हणेल, उद्या कशाला जायचं? तो म्हणायचा नाही. मीही विचारायची नाही. त्याच्या आणि माझ्या मध्ये ठेवलेल्या बॅगेवर हात टेकून मी खिडकीबाहेरची शेतं बघायची आणि रस्ता लांबावा असं वाटायचं.

मामांनी बेंगलोरचं विचारलं त्या दिवशी मात्र गारगोटी फारच लवकर आली. माणसं उतरली, मामा चहाला गेले. तो वेबकॅमची वायर गुंडाळत होता.

"पुढच्या रविवारी नको यायला," तो म्हणाला. "सगळं चालतंय की आता."

माझ्याकडे इंग्रजीत एक वाक्य तयार होतं, अभिनंदनाचं. ते कोणालाही म्हणता आलं असतं.

"मघाशी ऐकलंस न्हवं?" त्यानं वर न बघता विचारलं. "सांगणार होतो. दर खेपेला ठरवायचो."

वायर केव्हाच गुंडाळून झाली होती, तरी तो ती सोडून परत गुंडाळत होता. मी या वेळी वाक्य जुळवायला थांबले नाही.

"तू गेलास की मला इथं करमणार नाही," मी म्हणाले.