इंगळ्यांची हलकी पेटी

समस्त वऱ्हाडवासीयांना, रेल्वेच्या यच्चयावत मालधक्क्यांना आणि विशेषेकरून फळांच्या पेट्या ठोकणाऱ्या सुतारमंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, तुमच्यावरचे संकट टळले आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे आणि अकोटच्या एका कापसाच्या जिनात फिटर असलेले माझे मित्र सुखदेव इंगळे गेल्या महिन्यात वारले. आता तुमच्या जड पेट्यांकडे कोणी वाकड्या नजरेने पाहणार नाही. ठोका खिळे, खुशाल ठोका.

बातमी आली तेव्हा मी वर्गात भिंतीवर नकाशा टांगत होतो. शिपायाने दारातूनच सांगितले. खरे सांगतो, आधी दुःख झाले नाही, रागच आला. बारा वर्षे हा माणूस एका पेटीमागे होता. पेटी तयार होती, उत्तम होती, आणि तिला विचारणारे कुत्रेही नव्हते. असे अर्धवट टाकून जातात का...

हे वेड त्याला छप्पन साली लागले. नागपूरहून दीक्षा घेऊन परत येताना गाडी बडनेऱ्याला बराच वेळ थांबली होती. फलाटावर संत्र्यांच्या पेट्या चढत होत्या आणि एकेका पेटीला दोन-दोन हमाल कण्हत होते. घरी आल्यावर आधी सोहळ्याचे सांगावे की नाही? त्याने मला ओसरीवर बसवले आणि म्हणाला, “मास्तर, लोकं संत्री पाठवून नाही राहिले. लाकूड पाठवून राहिले, अन् लाकडासोबत चार संत्री.” मी हसलो. तो हसला नाही. तेव्हाच मी उठून घरी जायला हवे होते.

त्याची कल्पना साधी होती. लाकूड नको, पत्रा नको. बारदानाचा एक थर उभा, एक आडवा, मधे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, सालीचा कुटलेला तंतू, आणि सगळ्याला धरून ठेवायला काहीतरी चिकट. एकटे बारदान फडक्यासारखे लोंबते; पण चार थर एकमेकांना चिकटून दाबाखाली वाळले की त्यांची फळी होते, आणि ती वजनाला लाकडाच्या निम्मीही भरत नाही. ‘काहीतरी चिकट’ सापडायलाच तीन वर्षे गेली. चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेली पहिली पेटी घुशींनी तळासकट खाल्ली. शेवटी जवसाच्या तेलात राळ उकळायचे ठरले आणि दर रविवारी त्या गल्लीत असा वास सुटू लागला की शेजारी आपले पाहुणे माझ्या घरी पाठवू लागले. त्याची बायको, कौसाबाई, मला दारातच गाठायची. “भाऊजी, सांगा तुमच्या दोस्ताले. या घरात भाजीले तेल नाही, पेटीले हाय!” आतून सुखदेव ओरडायचा, “भाजी काय मुंबईले जाऊन राहिली?”

या संशोधनात माझाही वाटा आहे आणि तो वजनदार आहे. पेटी वाळली की मला तिच्यावर उभे करायचे, मग उड्या मारायला लावायचे. भूगोलाचा शिक्षक, धोतराचा सोगा हातात धरून, अंगणात पेटीवर नाचतो आहे आणि हा पठ्ठ्या खाली उकिडवा बसून कोपरे न्याहाळतो आहे! “अजून एक डाव मारा, मास्तर. मनापासून मारा.” ज्या दिवशी माझ्या दहा उड्यांनंतरही कोपरा हलला नाही, त्या दिवशी त्याने मला मिठी मारली. अंगाला राळेचा वास येत होता. घरी मला वेगळे जेवायला बसवले.

मग अमरावतीचे संत्र्यांचे अडते दादासाहेब तयार झाले. पाच पेट्यांत संत्री भरून पाहू. नीट गाडीत चढल्या तर पुढच्या हंगामाच्या सगळ्या पेट्या तुझ्याच. म्हणजे जिन सोडून स्वतःचे काम! सुखदेवने त्या दिवसासाठी नवा सदरा शिवला. त्यांच्या गोदामात पेट्या बैलबंडीवरून खाली टाकल्या, काही झाले नाही. मी उड्या मारल्या, काही झाले नाही. दादासाहेब मान डोलावू लागले. तेवढ्यात हमाल आले. आपल्याकडचे हमाल जन्मभर कापसाच्या गाठी उचलतात. लाकूड दिसले की हात लावायचा, बारदान दिसले की लोखंडी आकडा मारायचा, यात विचार करायचा प्रश्नच नाही. आमच्या पेटीला बाहेरून बारदान. पहिल्याने खच्चकन आकडा मारला, दुसऱ्याने मारला... संत्र्यांचा रस सुखदेवच्या नव्या सदऱ्यावर उडाला. “अरे पेटी हाय ते!” तो किंचाळला. हमाल शांतपणे म्हणाला, “मंग पोत्यावानी काहून दिसते?”

बारा वर्षांतली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच की हमालाचे बरोबर होते. सुखदेवने पुढच्या हंगामात पेट्यांना तांबडा रंग दिला. आता आकडा कोणी मारला नाही. पेट्या गाडीत चढल्या, मुंबईला सुखरूप उतरल्या, एक फळ दबले नाही. आम्ही पेढे आणले. आठ दिवसांनी दादासाहेबांचे बोलावणे आले.

“पेटी झकास आहे, इंगळे,” ते म्हणाले. “फकस्त जराशी जड कर.”

तिकडचा व्यापारी म्हणे पेटी हाताने उचलून पाहतो. हाताला भार लागला नाही की माल कमी भरला असे समजून भाव पाडतो. “बुडाला दोन विटा टाकून दे ना. त्यात काय एवढं?”

“विटाच पाठवायच्या त संत्री कायले पाठवता, जी?” एवढे बोलून सुखदेव उठला. बसस्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. मला, मला हो, एकही विनोद सुचला नाही.

त्यानंतरही तो पेट्या करीतच राहिला. आणखी पातळ, आणखी हलक्या. “जड त कोनीबी करते, मास्तर,” म्हणायचा. मी चिडायचो, भांडायचो, विटा टाक म्हणायचो. त्याने टाकल्या नाहीत. जिनातली नोकरी शेवटपर्यंत सुटली नाही. तिथेच, गाठी दाबायच्या प्रेसपाशी उभा असताना, तो कोसळला.

गेल्या आठवड्यात दादासाहेब भेटायला आले. आता खूप थकले आहेत, पण माणुसकीचा माणूस, अमरावतीहून मुद्दाम आले. घरात खुर्ची नाही. कौसाबाईंनी कोपऱ्यातली एक पेटी पालथी घातली, वर सतरंजी टाकली आणि त्यांना बसवले. देह माझ्याहूनही भरदार, पण पेटी कुरकुरली नाही. खोलीत दहा-पंधरा माणसे खाली माना घालून बसली होती. निघताना सतरंजी सरकली. त्यांनी पेटी बाजूला करायला हात घातला, आणि ती दोन बोटांवर वर आली. त्यांनी ती उलटसुलट केली. वाजवून पाहिली. कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे. आणि त्या सुतकी शांततेत दादासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलून गेले,

“अरे बाप्पा! एवढी हलकी? मंग इंगळ्यानं हे मले कधी दाखवली काहून नाही?”